लोरेदाना खेळली

बुकित पंजांग, सिंगापूर
२ एप्रिल २०१४

मामा,

इथूनच वाकून नमस्कार करते आहे, निशिकांत आणि मैत्रेयीचाही धरा.

दिलीपदादा म्हणाला की आता फोनवर तुम्हाला काहीच ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही ते कपाटात टाकून दिलंत. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच हातानं एवढं मराठी लिहिते आहे. तोआ पायोहच्या ऑफिसात दिवसभर आकडे आणि इंग्रजी, तेव्हा अक्षराला हसू नका.

बातमी अशी की आमच्याकडे एक भाडेकरू आली आहे आणि ती तुमच्याच गोत्रातली आहे. फुटबॉलमध्ये तुमच्यासारखीच बचावाला उभी राहणारी, स्टॉपर! नाव लोरेदाना, राहणार इटली. तिथल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये ती कितीतरी वर्षं खेळली. मैत्रेयी ज्या अकॅडमीत फुटबॉल शिकते, तिथली ही नवी कोच. डिसेंबरात तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आतला लिगामेंट तुटला होता, तो मांडीतली शीर घेऊन नवा बसवला. खेळता येत नाही तोवर शिकवून पोट भरायचं म्हणून इकडे आली. तिला खोली हवी होती, आमची एक रिकामी होती. निशिकांत आधी फार कां कूं करत होता. आता दोघं एकत्र वरणभात खातात आणि टीव्हीसमोर रेफरीला शिव्या देतात.

परवा पाडव्याला हॉलमध्ये खाली पानं मांडली, तर हिला मांडीच घालता येईना. गुडघा अर्धा वाकतो आणि अडतो. शेवटी उभ्यानं श्रीखंड-पुरी खाल्ली. मैत्रेयी म्हणाली, "कोच कॅनॉट सिट डाऊन लाह, ईट लाइक हॉर्स!" लोरेदाना खूप हसली. पण नंतर ताटं उचलताना तिचे डोळे भरलेले मला दिसले.

तिला तुमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना फोटो दाखवला. तुमच्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा बॅक." मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, "बाकीचे कॅमेऱ्याकडे बघतायत. हा शेजाऱ्यांकडे बघतोय, कुणी जागा सोडली नाही ना म्हणून."

तिनं तुम्हाला एक प्रश्न विचारलाय. आपल्याहून चपळ फॉरवर्ड समोर आला तर तुम्ही काय करत होता? उत्तर नक्की लिहा, ती वाट बघते आहे.

तुमची
मीनल


कोल्हापूर
१७ एप्रिल २०१४

चि. मीनल,

आशीर्वाद घे आणि जरा निवांत बस, मला पुष्कळ बोलायचं आहे.

तुझं अक्षर बघून तुझे मास्तर रडले असते. पण मजकूर एक नंबर. पत्र मी तालमीत नेऊन वाचून दाखवलं. कॅमेऱ्याकडं न बघणाऱ्या बॅकची गोष्ट ऐकून म्हातारे गडी खूश झाले. चाळीस वर्षांत त्या फोटोबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. तुझी मामी असती तर म्हणाली असती, शेजाऱ्याकडं बघायची सवय जुनीच आहे यांची.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. चपळ फॉरवर्डला पळू द्यायचं नाही, त्याला विचार करायला लावायचं. विचार करायला लागला की तो हळू होतो. त्याच्या पायाकडं बघायचं नाही, कमरेकडं बघायचं, कारण पाय फसवतात. आणि मॅच सुरू झाल्या झाल्या एकदा खांदा द्यायचा, नियमात बसेल एवढा. पुढचा सगळा वेळ तो तुझ्या खांद्याचा विचार करतो. तिला सांग, गोल मारणाऱ्याला लोक डोक्यावर घेऊन नाचतात आणि गोल वाचवणाऱ्याला कोणी चहा पण विचारत नाही. हे इटलीत वेगळं असलं तर कळव, मी पासपोर्ट काढतो.

गुडघ्याचं वाचून मात्र जीव हळहळला. तेविसाव्या वर्षी शाहू स्टेडियमवर माझा गुडघा असाच गेला. सूज उतरली पण वाकेना. डॉक्टर म्हणाले खेळ सोडा, दुकान टाका. आमच्या वस्तादांनी एका सकाळी तो वाकवला आणि पुढं मी पंधरा वर्षं मैदानावर उभा होतो. आजही मी मांडी घालून जेवतो. त्या पोरीनं उभ्यानं जेवायचं म्हणजे काय? तिचे डॉक्टर काय म्हणतात ते लिही.

तुझा
मनोहरमामा


बुकित पंजांग
४ मे २०१४

मामा,

तुमचं पत्र मी तिला वाक्यावाक्यानं इंग्रजीत सांगितलं. 'कमरेकडं बघायचं' ऐकून ती उठून उभीच राहिली. तिला पहिल्या कोचनं हेच शिकवलं होतं म्हणे, अगदी याच शब्दांत. आणि चहाचं इटलीतही तसंच आहे, तेव्हा पासपोर्टचा खर्च वाचला.

तुम्ही तिच्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. तिचं गाव डोंगरात आहे. तिथं जवळजवळ सगळे चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. लहानपणी ती मुलांच्या संघात खेळायची. मोठी व्हायला लागली तशी एक दिवस सांगितलं, आता मुलांबरोबर चालणार नाही. मुलींचा संघ होता तो लांबच्या शहरात. मग दिवसा कारखान्यात फ्रेमा घासायच्या, संध्याकाळी बस पकडून सरावाला जायचं, परत येऊन झोपायचं. वरच्या लीगमध्ये पोचल्यावरही कारखाना सुटला नाही, कारण बायकांचा फुटबॉल तिथं हौशीच धरतात. गुडघा गेला तेव्हा संघातल्यांनी फुलं पाठवली, आणि तेवढंच.

चार वर्षांपूर्वी तिला एकदाच राष्ट्रीय संघात बोलावलं होतं. मैत्रीचा सामना होता. शेवटी शेवटी तिला सांगितलं, अंग गरम कर. ती रेषेच्या कडेनं पळत राहिली, ट्रॅकसूटही काढून ठेवला, आणि तेवढ्यात शिट्टी झाली. मला हे सांगताना ती हसत होती. "निळी जर्सी घातली, पण घाम गाळला तो बाहेर," म्हणाली. तिला एकदाच आत जायचं आहे, मामा. पाच मिनिटं का होईना. पुढच्या महिन्यात ती तिशीची होते.

क्लबनं जागा ऑगस्टपर्यंत राखली आहे. ऑगस्टात पळून दाखवलं तर संघात, आणि तिथं खेळली तर राष्ट्रीय संघाचे लोक बघायला येणार आहेत. इथल्या हॉस्पिटलातली फिजिओ मात्र म्हणते घाई नको, थोडं थोडं वाकवत राहा, हिवाळ्यापर्यंत थांबा. हिवाळ्यापर्यंत तिची जागा दुसऱ्या मुलीला गेलेली असेल.

तिनं मला रोज विचारून भंडावून सोडलंय, की तुमच्या वस्तादांनी नेमकं काय केलं? लिहाल का?

मीनल


कोल्हापूर
१६ मे २०१४

चि. मीनल,

पोरीची हकिगत वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. रेषेबाहेर पळून घाम गाळायचा आणि आत जायचं नाही, ही शिक्षा देवानं फक्त बॅकसाठी ठेवली असावी.

आता नीट वाच आणि तिला नीट सांग. आधी खडेमिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून गुडघा चांगला शेकायचा, कातडी लाल होईपर्यंत. मग कोमट तिळाचं तेल, वरून खाली चोळायचं, उलटं नाही. तिला पालथं झोपवायचं. एकानं खांदे दाबून धरायचे. जोरकस गड्यानं घोट्याच्या वर धरायचं आणि टाच कुल्ल्याला लागेपर्यंत पाय दुमडायचा, एका दमात. इथंच सगळं आहे. थोडं थोडं केलं की गुडघा भितो आणि जास्त आवळतो. एकदा कट्ट आवाज येईल. घाबरायचं नाही, आत बसलेला गाळ सुटतो त्याचा तो आवाज. ती ओरडेल. मी पण ओरडलो होतो, पार बिंदू चौकापर्यंत ऐकू गेलं असेल. दुसऱ्या दिवसापासून बैठका.

तुमच्या फिजिओबाईला सांगायच्या भानगडीत पडू नकोस. पुस्तकातला गुडघा वेगळा आणि खेळणाऱ्याचा वेगळा. आमच्या वस्तादांनी असे कितीतरी गडी उभे केले. निशिकांतराव धट्टेकट्टे आहेत, त्यांच्याकडून करून घे. झालं की लगेच कळव. मी पोस्टमनच्या वाटेवर बसलो आहे.

मनोहरमामा


ईमेल : मीनलकडून स्मिताला
५ जून २०१४

स्मिताताई,

तुला पुण्यात गाठते आहे, कारण हे मामांना कसं सांगायचं ते मला कळत नाही. त्यांच्या पत्रांबद्दल तुला ठाऊक आहेच.

रविवारी आम्ही ते केलं. तुझ्या बाबांनी लिहिलं होतं तसं, सगळं. मला भीती वाटत होती, निशिकांत तर नाहीच म्हणत होता. लोरेदानानं त्याचा हात धरून विनवलं. म्हणाली, मामा बॅक आहेत, त्यांना माहीत आहे. मैत्रेयीला खाली खेळायला पाठवलं. मी खांदे धरले. तिनं तोंडात टॉवेल घेतला. निशिकांतनं एका दमात टाच टेकवली आणि आवाज आला. आम्हाला वाटलं, हाच तो आवाज. तिनं टॉवेल काढला, हात मागे नेऊन स्वतःची टाच चाचपली आणि हसायला लागली. आम्हीही हसलो, ताई. मी तर चहा टाकायला उठले. मग ती उभी राहायला गेली आणि तिचा पाय गुडघ्यातून बाजूला सरकला.

बसवलेला लिगामेंट तुटला आहे, कूर्चा फाटली आहे, हाडाचा एक टवकाही निघालाय. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, खेळायचं विसरा. हे कसं झालं, असं त्यांनी तीनदा विचारलं. ती प्रत्येक वेळी म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. निशिकांत तेव्हापासून स्वतःच्या हातांकडे बघत बसतो, जुरोंग ईस्टला ऑफिसात जातो आणि तसाच परत येतो. ती आम्हाला एका शब्दानंही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामांना काय लिहू?

मीनल


ईमेल : स्मिताकडून मीनलला
६ जून २०१४

मिने,

त्या मुलीचं फार वाईट झालं.

पण बाबांना यातलं काही कळवू नकोस, तुझ्या पाया पडते. तुला घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, मेच्या शेवटी त्यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. शुद्धीवर आल्यावर दिलीपदादाकडे पाटी मागितली, त्यांच्याशी आम्ही आता पाटीवरच लिहून बोलतो ना, आणि स्वतः लिहिलं काय, तर 'सिंगापूरचं पत्र आलं का?' आई गेल्यापासून ते कशातच नव्हते. त्या पोरीमुळे रोज दाढी करून तालमीत जायला लागलेत. आपल्या सांगण्यानं तिचा खेळ संपला हे त्यांना कळलं तर ते राहणार नाहीत.

एक पत्र लिही, गुडघा बरा आहे म्हणून. एकच. पुढे विषय आपोआप मागे पडेल.

स्मिता


बुकित पंजांग
१५ जून २०१४

मामा,

तब्येतीचं स्मिताताईकडून कळलं. आता जिने चढू नका आणि रागावू नका.

तुम्ही सांगितलं तसं केलं. टाच लागली. आवाजही आला. लोरेदाना आता बरी आहे, तुम्हाला नमस्कार सांगते. सध्या थोडी विश्रांती घेते आहे. इथे सगळं ठीक.

तुमची
मीनल


कोल्हापूर
३० जून २०१४

चि. मीनल,

नाद खुळा! पत्र वाचलं आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही ते एका ओळीनं झालं. पण तू किती कंजूष आहेस गं. 'टाच लागली, आवाजही आला.' अगं, ओरडली किती? बैठका किती काढते? मांडी घालून जेवली का? एवढी मोठी गोष्ट आणि तू तारेसारखं लिहितेस.

तालमीत मी सगळ्यांना सांगितलं, इटलीच्या डॉक्टरांना जमलं नाही ते कोल्हापूरनं पत्रातून केलं. एक-दोघांनी शंका काढली. त्यांना म्हटलं, ऑगस्ट येऊ द्या, मैदानावर दिसेल. मला आता प्रत्येक सामन्याची हकिगत हवी. शेजारी कोण खेळते, समोर कोण आहे, सगळं. उगीच 'ठीक आहे' लिहून पाठवायचं नाही.

मनोहरमामा


ईमेल : मीनलकडून स्मिताला
३१ ऑगस्ट २०१४

स्मिताताई,

लोरेदाना काल गेली. मैदानावर उभं राहता येईना म्हणून अकॅडमीनं कामावरून काढलं, आणि काम गेलं की इथे राहायचा पास रद्द होतो. गावी भावाकडे राहील. तिकडे आणखी एक ऑपरेशन, तेही फक्त काठीशिवाय चालता यावं म्हणून. कारखान्यानं परत घेतलं आहे, बसून करायच्या कामावर.

मामांची पत्रं मी तिला आधी दाखवणार नव्हते. तिनंच मागितली. जूनमधलं त्यांचं उत्तर सांगितलं तर म्हणाली, या माणसाला सामना हवा आहे, आपण देऊ. जायच्या आदल्या दुपारी आम्ही ब्लॉकखालच्या दगडी टेबलाशी बसलो होतो. ती सांगत गेली, मी थेट मराठीत उतरवत गेले. कुठल्या मिनिटाला आत गेली, गवत ओलं होतं, पहिला चेंडू कुठून आला. ती कुठेही अडखळली नाही. किती वर्षं तिनं तो सामना मनात खेळून ठेवला होता कोण जाणे. संपल्यावर म्हणाली, सप्टेंबरअखेर पाठव, तोवर ऑगस्ट सराव आणि सप्टेंबर सामने, असं जुळतं.

मी पाठवणार आहे, ताई. खोटं आहे हे कळतंय. पण तिच्या आयुष्यात एवढाच सामना आहे आणि तो वाचणारे मामा एकटेच.

मीनल


बुकित पंजांग
२४ सप्टेंबर २०१४

मामा,

तुम्ही सविस्तर मागितलंत, घ्या. लोरेदाना राष्ट्रीय संघाकडून खेळली!

ऑगस्टात क्लबमध्ये परतली, दोन सामने चांगले झाले आणि बोलावणं आलं. मैत्रीचाच सामना होता. शेवटची वीस मिनिटं राहिली असताना दुसऱ्या स्टॉपरच्या पोटरीत गोळा आला आणि हिला आत सोडलं. पाऊस पडून गेला होता. रेषा ओलांडताना तिनं मुद्दाम खाली बघितलं म्हणे, आपला पाय आत पडताना दिसावा म्हणून. समोर एक वीस वर्षांची मुलगी होती, वाऱ्यासारखी पळणारी. पहिल्याच चेंडूला हिनं खांदा दिला, नियमात बसेल एवढा. पुढे ती मुलगी दोनदा एकटी सुटली, दोन्ही वेळा हिनं कमरेकडं बघितलं. एकदा चेंडू अंगावर घेतला, एकदा घसरून काढून टाकला. डाव्या गुडघ्यावर पूर्ण दुमडून घसरली, मामा, आणि तशीच उठली.

सामना शून्य-शून्य सुटला. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं नाव कुठेच नव्हतं. ती म्हणते, मामांना सांग, कुणाला आठवू नये इतकी चांगली खेळले.

मीनल


कोल्हापूर
१० ऑक्टोबर २०१४

चि. मीनल,

मी रडलो. लपवत नाही. दिलीप धावत आला, त्याला वाटलं छातीत दुखतंय. त्याला पत्र दिलं तर तोही खुर्चीत बसला. संध्याकाळी तालमीत पेढे वाटले आणि पत्र मोठ्यानं वाचलं. शंका काढणाऱ्यांनी दोन-दोन पेढे खाल्ले.

आता यातून एक चांगलं काम निघतंय. आपल्या पेठेत सरोजिनी म्हणून पोरगी आहे, सतरा वर्षांची, सगळे सरू म्हणतात. स्टॉपर. तिच्यासारखी बॅक मी पोरांतही फार बघितली नाही. मे महिन्यात तिचा गुडघा गेला, लोरेदानासारखाच, आणि ऑपरेशनही तसंच. आता वाकत नाही. जानेवारीत राज्याच्या संघाचं शिबिर आहे. डॉक्टर म्हणतात, यंदा नाही. पोरगी गच्चीवर एकटी बसून राहते. तिचे वडील भित्रे, कोणाला हात लावू देत नाहीत. पाटीवर लिहिलं, वस्ताद, तुमच्या काळी ऑपरेशनं नव्हती, हिचा गुडघा शिवलेला आहे. मग त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हाही शिवलेलाच होता म्हटलं. विचार करून सांगतो म्हणाले आहेत.

मनोहरमामा


बुकित पंजांग
२४ ऑक्टोबर २०१४

मामा,

दिवाळीचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी घाईनं लिहिते आहे. सरूच्या गुडघ्याला कृपा करून काही करू नका. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. लोरेदाना तिशीची, अंगानं पक्की होती, सरू लहान आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. शिबिर पुढच्या वर्षीही असेल. माझं एवढं ऐका.

मीनल


ईमेल : मीनलकडून स्मिताला
२४ ऑक्टोबर २०१४

ताई, मामा एका सतरा वर्षांच्या मुलीचा गुडघा वाकवायला निघाले आहेत, माझ्या पत्राच्या भरवशावर. पत्र पाठवलंय पण ते कधी पोचेल. मी त्यातही खरं लिहिलं नाही. लिहायला बसले होते, पण छातीवर हात धरून बसलेले मामाच डोळ्यांपुढे आले. आजच्या आज दिलीपदादाला फोन करून त्यांना थांबव.

मीनल


कोल्हापूर
१४ नोव्हेंबर २०१४

मीनल,

सरूचा गुडघा गेला.

तुझं पत्र आलं होतं. स्मिताचा निरोप पण दिलीपनं पाटीवर लिहून दाखवला. मी पुसून टाकला. मला वाटलं, पोरी घाबरल्या आहेत. लोरेदानाच्या वेळी पण तू घाबरली असशील, आणि शेवटी चांगलंच झालं होतं.

तालमीतच केलं, रविवारी सकाळी. तिनं आधी माझ्या पाया पडून घेतलं. वडिलांनी खांदे धरले. पाय मीच धरला, दुसऱ्या कोणाला देववेना. डॉक्टर म्हणतात आतलं सगळं उखडलं आहे, ही पोरगी आता खेळणार नाही. तिच्या वडिलांनी मला दोष दिला नाही. हात जोडले आणि पाटीवर लिहिलं, वस्ताद, आमचंच नशीब. त्यांनी मारलं असतं तर मला झोप लागली असती. मी तालमीत जायचं बंद केलं आहे.

दिवसभर तुझी पत्रं पुढ्यात घेऊन बसतो. शेक तोच, तेल तेच, धरलं तिथंच. लोरेदानाचा वाकला आणि सरूचा तुटला, हे कसं? मला एवढंच सुचतं की माझं वय झालं, हाताला कापरं आहे, जोर मध्येच कमी पडला असणार. एका दमात झालं नाही. डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करणार आहेत. ते भरलं की आणखी एकदा करून बघायचं माझ्या मनात आहे, या वेळी दिलीपच्या हातानं. तिच्या वडिलांना मी तसं बोललो आहे, तेही नाही म्हणाले नाहीत. लोरेदानाला विचार, निशिकांतरावांनाही विचार. कुठं धरलं, किती जोर लावला, काय वेगळं केलं, बारीकसारीक सगळं लिही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

मनोहर


बुकित पंजांग
२३ नोव्हेंबर २०१४

मामा,

काही वेगळं केलं नव्हतं. निशिकांतनं तुम्ही लिहिलं होतं तिथेच धरलं आणि एका दमातच केलं. तुमचा जोर कमी पडलेला नाही. लोरेदानाचा गुडघा त्याच दिवशी आमच्या हॉलमध्ये तुटला. ती परत कधी खेळली नाही. ऑगस्टात ती क्लबमध्ये नव्हती, इथून काठी घेऊन विमानात बसत होती. आता गावच्या कारखान्यात बसून फ्रेमा तपासते.

तो सामना झालाच नाही. तिनं तो मला तोंडी सांगितला आणि मी लिहून पाठवला. जूनपासून माझं एकही पत्र खरं नाही. तुम्हाला काही होईल या भीतीनं लिहीत गेले. सरूचं तुम्ही कळवलंत, तेव्हाही खरं सांगायचं धाडस झालं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर ती पोरगी आज बरी असती. हे मला आता दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

तिच्या पायाला पुन्हा हात लावू नका. दिलीपदादालाही लावू देऊ नका. माझं सप्टेंबरचं पत्र तुम्ही सरूच्या वडिलांना वाचून दाखवलंत. हेही दाखवा.

मीनल